जेम्स औट्रम आणि कंपनीच्या मुंबई लष्करातील अधिकाऱ्याची कारकीर्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानदेशातील भिल्ल पलटण, कोल्हापूरकडील गडकऱ्यांचे बंड, साताऱ्याची रेसिडेन्सी, बडोद्यातील लाचखोरीचे प्रकरण आणि 1857 चे लखनौ या सर्व ठिकाणी औट्रम हे एकच नाव भेटते. त्यामुळे त्याच्याविषयी, आणि त्याच्या निमित्ताने ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातील नोकरीविषयी, बरेच प्रश्न येत असतात. त्यांपैकी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली माहिती दुसरीकडे पुन्हा न देता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. जेम्स औट्रम कोण होता? खानदेशातला औट्रम आणि लखनौचा औट्रम एकच का?

होय, एकच. त्याचा जन्म 29 जानेवारी 1803 रोजी इंग्लंडमधील डर्बीशर परगण्यात झाला. वडील बेंजामिन औट्रम हे नावाजलेले स्थापत्य अभियंता होते. परंतु जेम्स दोन वर्षांचा असतानाच ते वारले आणि कुटुंब आर्थिक अडचणीत सापडले. आई मुलांना घेऊन स्कॉटलंडमध्ये राहिली आणि जेम्सचे शिक्षण ॲबर्डीन येथे झाले. 1819 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तो कंपनीच्या मुंबई लष्करात कॅडेट म्हणून दाखल झाला. त्यानंतर पुणे, खानदेश, महीकांठा, अफगाणिस्तान, सिंध, दक्षिण महाराष्ट्र, सातारा, बडोदा, एडन, लखनौ आणि इराण अशी त्याची नोकरी फिरत राहिली. 1860 मध्ये त्याने हिंदुस्थान सोडला, 11 मार्च 1863 रोजी फ्रान्समधील पो येथे त्याचे निधन झाले आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याला पुरण्यात आले.

2. तो ‘ब्रिटिश सैन्यात’ होता असे म्हणणे बरोबर आहे का?

सैल अर्थाने बरोबर, काटेकोर अर्थाने नाही. 1858 पूर्वी हिंदुस्थानात दोन प्रकारचे इंग्रज लष्करी अधिकारी असत. एक इंग्लंडच्या राजाच्या पलटणींतले, ज्या काही वर्षांसाठी येथे पाठवल्या जात. आणि दुसरे ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वतःच्या लष्करातले, ज्यांची सगळी हयात येथेच जाई. कंपनीचे लष्करही एक नव्हते. बंगाल, मद्रास आणि मुंबई या तीन इलाख्यांची तीन स्वतंत्र लष्करे होती आणि प्रत्येकाचा सरसेनापती, बढतीची यादी आणि रीतिरिवाज वेगळे होते. औट्रम मुंबई लष्कराचा होता. राजाचे अधिकारी कंपनीच्या अधिकाऱ्यांना कमी लेखत, ही तक्रार त्या काळच्या कागदपत्रांत जागोजागी आढळते.

3. कंपनीच्या लष्करात अधिकारी होण्यासाठी काय लागत असे? हुद्दे विकत मिळत, हे खरे का?

हुद्दे विकत घेण्याची पद्धत राजाच्या घोडदळात आणि पायदळात होती आणि ती 1871 साली बंद झाली. कंपनीच्या लष्करात अधिकृतपणे तशी विक्री नव्हती. तेथे लागत असे तो वशिला. लंडनमधील कंपनीच्या डायरेक्टरांना दरवर्षी काही नेमणुका वाटून दिलेल्या असत आणि ते त्या आपल्या नात्यागोत्यातल्या, ओळखीतल्या किंवा राजकीय मित्रांच्या मुलांना देत. तोफखाना आणि इंजिनिअर खात्यात जाणाऱ्यांना 1809 मध्ये सुरू झालेल्या ॲडिस्कोम्ब येथील लष्करी विद्यालयात शिकावे लागे. पायदळाच्या कॅडेटला मात्र थेट जहाजात बसता येई. औट्रम अशाच थेट नेमणुकीवर आला. लष्करी शिक्षण म्हणावे असे काही त्याला मुंबईत उतरेपर्यंत मिळालेले नव्हते.

अनधिकृतपणे पैसा फिरत नव्हता असे मात्र नाही. एखादा ज्येष्ठ अधिकारी निवृत्त व्हायला तयार असेल, तर खालचे अधिकारी वर्गणी काढून त्याला रक्कम देत, कारण त्याच्या जाण्याने त्या पलटणीतले सगळेच एकेक पायरी वर सरकत. असे का करावे लागे, ते पुढच्या उत्तरात आले आहे.

4. एवढा कर्तबगार असूनही औट्रम 1832 पर्यंत लेफ्टनंटच कसा राहिला?

कारण बढती कर्तबगारीवर मिळत नसे. कंपनीच्या लष्करात मेजरच्या हुद्द्यापर्यंतची बढती त्या त्या पलटणीतल्या सेवाज्येष्ठतेने आणि त्यापुढची बढती संपूर्ण लष्कराच्या ज्येष्ठतायादीने होत असे. वरचा माणूस मेला, निवृत्त झाला किंवा दुसरीकडे कायमचा गेला, तरच खालच्याला जागा मिळे. ज्या पलटणीत रोगराईने किंवा लढाईने अधिकारी भराभर मेले, तेथे तरुण कॅप्टन दिसत. जेथे सगळ्यांची प्रकृती ठणठणीत, तेथे लेफ्टनंटांचे केस पिकत. औट्रम 1819 मध्ये लेफ्टनंट झाला आणि कॅप्टन होण्यास 1832 साल उजाडले, म्हणजे भिल्ल पलटण उभी करून सात वर्षे झाल्यावर.

युद्धातील कामगिरीबद्दल ‘ब्रेव्हेट’ हुद्दा देता येत असे. तो लष्करात मानला जाई, परंतु पलटणीतील जागा आणि पगाराची पायरी त्याने बदलत नसे. औट्रम 1839 मध्ये ब्रेव्हेट मेजर आणि 1843 मध्ये ब्रेव्हेट लेफ्टनंट कर्नल झाला. जुन्या कागदांत एकाच वर्षी एकाच माणसाचे दोन हुद्दे दिसले तर बहुधा ही भानगड असते, लेखनिकाची चूक नव्हे.

साहजिकच महत्त्वाकांक्षी अधिकाऱ्याची नजर पलटणीबाहेरच्या नेमणुकांवर असे : ॲडजुटंट (पलटणीचा प्रशासकीय अधिकारी), दुभाषा, कमिसेरिएट (रसद खाते), मोजणी, हंगामी किंवा स्थानिक पलटणींचे नेतृत्व आणि या सगळ्यांहून हवेसे राजकीय खाते (प्रश्न 10). औट्रमचे नाव मुंबई लष्कराच्या 23 व्या पायदळ पलटणीत नोंदलेले असले, तरी त्याची उमेदीची वर्षे पलटणीबाहेरच गेली. त्याच्यासारख्यांच्या कारकिर्दी पलटणीच्या इतिहासात शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही.

5. पगार, भत्ता आणि रजा यांची व्यवस्था कशी होती?

मूळ पगार बेताचा असे आणि खरी भर भत्त्यावर असे. मोहिमेवर पूर्ण भत्ता, तर छावणीत असताना काही ठिकाणी अर्धा, असा भेद होता. गव्हर्नर-जनरल बेंटिंकच्या कारकिर्दीत 1828 च्या अखेरीस बंगालमधील काही छावण्यांचा भत्ता निम्मा करण्यात आला, तेव्हा अधिकाऱ्यांनी केवढा गहजब केला ते प्रसिद्धच आहे. पलटणीबाहेरच्या नेमणुकीला वेगळे वेतन मिळे, हेही तिच्या आकर्षणाचे एक कारण होते.

1796 च्या नियमांनुसार येथे दहा वर्षे काढल्यावर तीन वर्षांची फर्लो रजा मिळू शके आणि प्रत्यक्ष 22 वर्षांच्या नोकरीनंतर पूर्ण पगारावर निवृत्त होता येई. तोपर्यंत जगणे ही मोठी अट होती. औट्रम 1819 मध्ये आला तो प्रथम मायदेशी गेला 1843 मध्ये. मधल्या काळात, 1835 साली, त्याने आपली मामेबहीण मार्गारेट अँडरसन हिच्याशी मुंबईत लग्न केले.

6. अशा अधिकाऱ्यांना मराठी येत असे का? त्यांचे शिपाई कोण असत?

मुंबई लष्करात हिंदुस्थानी भाषा आवश्यक मानली जाई आणि पलटणीच्या दुभाष्याच्या जागेसाठी परीक्षा द्यावी लागे. मराठीचीही परीक्षा होती आणि काहींनी ती गंभीरपणे घेतली. 1831 चा मराठी-इंग्रजी शब्दकोश करणारा मोल्सवर्थ आणि साताऱ्याचा पहिला रेसिडेंट (दरबारातील इंग्रज प्रतिनिधी) व मराठ्यांचा इतिहासकार ग्रँट डफ हे दोघेही मुंबई लष्करातीलच कॅप्टन. औट्रम त्यांच्यासारखा विद्याव्यासंगी नव्हता. त्याची भाषा कामापुरती होती.

शिपाई कोकण आणि देशावरचे मराठे व महार, उत्तरेकडून आलेले परदेशी, मुसलमान आणि बेने इस्रायल असे मिश्र असत आणि एकाच कंपनीत शेजारी शेजारी उभे राहत. नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार आणि सर्वांत वर सुभेदार-मेजर, ही हिंदी माणसाच्या बढतीची कमाल मर्यादा. तीस वर्षे नोकरी केलेल्या सुभेदाराला काल आलेल्या सतरा वर्षांच्या गोऱ्या पोराला सलाम करावा लागे. औट्रमचे गुणगान करणाऱ्या चरित्रांत या बाजूचा उल्लेख सहसा नसतो.

7. खानदेशात औट्रमने नेमके काय केले?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर औट्रमच्या आधीपासून सुरू करावे लागते. डोंगरवाटांची राखण आणि गावांची जागल यांबद्दल भिल्लांना परंपरागत हक्क मिळत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी होळकरांच्या फौजांची धूळधाण आणि दुष्काळ यांनी खानदेश उद्ध्वस्त झाला आणि हे हक्क बुडाले. पेशवाईच्या अमलात बाळाजी लक्ष्मण याने 1804 मध्ये कोपरगावी भिल्लांना विश्वासाने बोलावून त्यांची कत्तल केली. 1818 मध्ये इंग्रज आले तेव्हा डोंगरांतील नाईक (भिल्लांचे म्होरके) कोणाच्याही शब्दावर विसंबायला तयार नव्हते. पहिला पोलिटिकल एजंट कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने घाट रोखले, रसद तोडली, काही नाईकांना तनखे दिले. तरी सहा-सात वर्षे धाडी चालूच राहिल्या.

1825 मध्ये, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, धोरण बदलले. खानदेशाचे तीन भिल्ल एजन्सींत विभाग करण्यात आले आणि ईशान्य भागासाठी भिल्लांचीच हलकी पलटण उभारण्याचे काम औट्रमकडे आले. त्या वेळी तो 22 वर्षांचा होता. तिचे ठाणे पुढे धरणगाव येथे स्थिर झाले. प्रारंभ मात्र गोडीगुलाबीने झाला नाही : आपल्या पलटणीची तुकडी घेऊन त्याने डोंगरातील वस्तीवर छापा घातला आणि कैदी पकडले. मग त्यांच्यापैकी काहींना सोडून त्यांच्याकरवी निरोप पाठवले आणि स्वतः फारसा बंदोबस्त न घेता त्यांच्यात वावरू लागला. शिकार, मेजवान्या आणि जखमींची शुश्रूषा यांतून ओळख वाढली. पहिले रंगरूट मिळाले ते फक्त नऊ. काही वर्षांत पलटणीची संख्या सुमारे 600 झाली. ती मालेगावी नेली असता नियमित पलटणीच्या शिपायांनी भिल्लांना मानाने बसवून विडा दिला, याचा औट्रमला विशेष आनंद झाला होता. आपल्याला कमी लेखले जाते की काय, ही भिल्लांची मोठी धास्ती होती.

एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. सगळे श्रेय औट्रमच्या व्यक्तिमत्त्वाला देणे सोयीचे असले तरी अपुरे आहे. त्याच सुमारास इतर एजंट भिल्लांना जमीन, बैल आणि बियाणे यांसाठी तगाई देऊन शेतीवर बसवत होते, जुने हक्क तपासून तनखे ठरवत होते. दक्षिण एजन्सीतील ओव्हान्स याचे काम या दृष्टीने महत्त्वाचे होते. नियमित पगार, तगाई आणि पाठीशी असलेली बंदूक या तिन्हींचा तो परिणाम होता.

8. त्यानंतर खानदेशात कायमची शांतता झाली का?

नाही. 1830 मध्ये औट्रमनेच डांग भागावर मोहीम नेली आणि पुढच्या वर्षी यावल-सावद्याकडील धाडींचा बंदोबस्त केला. 1857-58 मध्ये खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या नेतृत्वाखाली सातपुड्यातील भिल्ल उठले. 11 एप्रिल 1858 रोजी आंबापाणी येथे मोठी लढाई झाली. औट्रमची भिल्ल पलटण म्हणजे सर्व भिल्लांचे ‘मन परिवर्तन’ होते, असे काही लेखांत म्हटलेले आढळते. ते इतिहासाला धरून नाही.

9. औट्रमने जवळजवळ दोनशे वाघ मारले, ही दंतकथा आहे का?

दंतकथा नाही. 1825 ते 1834 या काळात त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी मिळून 235 वाघ मारल्याची नोंद आहे आणि त्यांपैकी 191 शिकारींच्या वेळी तो स्वतः हजर होता. त्यात अस्वले आणि बिबटे धरलेले नाहीत. शिकार हा भिल्लांशी जवळीक साधण्याचा मार्ग होता हे खरे, परंतु खानदेशातील वाघ कसे संपले याचाही हा एक हिशेब आहे.

10. लष्करी माणूस रेसिडेंट किंवा पोलिटिकल एजंट कसा होऊ शके?

राजकीय खात्यासाठी मुलकी आणि लष्करी दोन्ही सेवांतून माणसे घेतली जात. संस्थानिकांकडे इंग्रज सरकारचा प्रतिनिधी म्हणून राहणे, तंटे मिटवणे, वारसा आणि कर्ज यांत लक्ष घालणे, गुप्त बातम्या पाठवणे हे काम असे, आणि लष्करी अधिकारी त्यासाठी स्वस्त आणि हाताशी असत. औट्रम 1835 मध्ये महीकांठ्याचा पोलिटिकल एजंट झाला. तेथील त्याचा कारभार कडक होता आणि वरून त्याबद्दल नापसंतीही व्यक्त झाली.

1838 मध्ये अफगाण युद्ध सुरू होताच तो सेनापती सर जॉन कीन याचा एडीसी (निजी सहायक अधिकारी) म्हणून गेला, पळालेल्या दोस्त महंमदाचा बामियानपर्यंत पाठलाग केला आणि 13 नोव्हेंबर 1839 रोजी कलात पडल्यावर अफगाण वेशांतर करून सुमारे 350 मैल शत्रूच्या मुलखातून सोनमियानी बंदर गाठले. या प्रवासानंतर त्याला खालच्या सिंधची एजन्सी मिळाली. ती नेमणूक त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या वादाकडे घेऊन गेली.

11. त्याला ‘हिंदुस्थानचा बेयार्ड’ कोणी म्हटले? आणि त्याच माणसाशी वैर का झाले?

बेयार्ड हा निर्भय आणि निष्कलंक म्हणून गाजलेला फ्रेंच सरदार. नोव्हेंबर 1842 मध्ये सक्कर येथील मेजवानीत सिंधमधील सेनापती सर चार्ल्स नेपिअर याने औट्रमला ही उपमा दिली. पुढच्या काही महिन्यांत दोघांचे बिनसले. सिंधच्या अमीरांशी (तेथील सत्ताधीशांशी) तडजोड शक्य आहे असे औट्रमचे मत होते. नेपिअरला ती नको होती. 15 फेब्रुवारी 1843 रोजी हैदराबादच्या रेसिडेन्सीवर बलुची सैन्याने हल्ला केला. औट्रमने काही तास ती लढवली आणि मग आपली माणसे आगबोटींवर सुखरूप नेली. दोनच दिवसांनी मियानीची लढाई झाली आणि सिंध खालसा झाला. लुटीतील आपला सुमारे 3,000 पौंडांचा वाटा औट्रमने स्वतःसाठी न ठेवता धर्मादाय संस्थांना दिला. त्यानंतर नेपिअरचा भाऊ आणि औट्रम यांच्यात पुस्तकांतून आणि पत्रकांतून वर्षानुवर्षे जुंपली होती.

12. गडकऱ्यांच्या बंडाशी त्याचा संबंध काय?

1844 मध्ये कोल्हापूर राज्यातील सामानगड, भुदरगड आणि पन्हाळा येथील गडकऱ्यांनी (किल्ल्यांच्या वंशपरंपरागत शिबंदीने), वतने व हक्क जाण्याच्या भीतीने, बंड पुकारले. साताऱ्याचा रेसिडेंट राहिलेला ओव्हान्स (तोच, प्रश्न 7 मधला) बंडवाल्यांच्या हाती सापडला आणि त्याला पन्हाळ्यावर कोंडण्यात आले. औट्रम राजकीय अधिकारी म्हणून या मोहिमेत आला. डिसेंबर 1844 च्या आरंभी पन्हाळा पडला. बंडाचे लोण सावंतवाडीत पोचले होते. मनोहरगड-मनसंतोषगडाच्या परिसरातील मोहिमेत औट्रमने एका तुकडीचे नेतृत्व केले आणि बंडवाल्यांपैकी अनेकांनी सरहद्द ओलांडून गोव्यात आश्रय घेतला. 1845 मध्ये त्याला साताऱ्याचा रेसिडेंट नेमण्यात आले. तेथे तो 1847 पर्यंत होता. त्याच्यानंतर बार्टल फ्रिअर आला आणि 1848 मध्ये राज्य खालसा झाले, तेव्हा औट्रम साताऱ्यात नव्हता.

13. बडोद्याहून त्याला काढून टाकले होते का?

होय, डिसेंबर 1851 मध्ये. 1847 पासून तो गणपतराव गायकवाडांच्या दरबारी रेसिडेंट होता. मुंबई सरकारातील वरिष्ठांवर लाच देऊन वजन पाडता येते, असा बडोद्यात सार्वत्रिक समज होता आणि या व्यवहाराला लोक सरळ ‘खटपट’ म्हणत. औट्रमने रेसिडेन्सीतील हिंदी कारकुनांचे आणि मध्यस्थांचे धागेदोरे शोधले, हरिभक्ती या सावकारी पेढीतील जोइताबाई या विधवेचे प्रकरण उकरून काढले आणि ऑक्टोबर 1851 मध्ये अहवाल पाठवला. त्याची भाषा वरिष्ठांना झोंबणारी होती. गव्हर्नर लॉर्ड फॉकलंडच्या सरकारने त्यालाच पदावरून दूर केले. त्याने इंग्लंडला जाऊन दाद मागितली, प्रकरणाची कागदपत्रे पार्लमेंटपुढे आली आणि 1854 मध्ये गव्हर्नर-जनरल डलहौसीने त्याला पुन्हा बडोद्यास नेमले. हा मान राखण्यापुरताच प्रकार होता. थोड्याच काळात त्याची एडनला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस लखनौला बदली झाली.

14. सिंधच्या अमीरांची बाजू घेणाऱ्याने अवध कसा खालसा केला?

या विसंगतीचे समाधानकारक उत्तर त्याच्या समर्थकांनाही देता आलेले नाही. लखनौला येताच त्याला राज्यकारभाराचा अहवाल देण्यास सांगण्यात आले. 1855 च्या मार्चमध्ये त्याने, आधीचा रेसिडेंट स्लीमन याच्या वर्णनाला दुजोरा देत, परिस्थिती सुधारली नसल्याचे कळवले. त्याच्या आधारे 7 फेब्रुवारी 1856 रोजी अवध खालसा झाला. तीन दिवस आधी अवधचा राजा वाजिद अली शाहने राज्य कंपनीच्या हवाली करणाऱ्या तहावर सही करण्यास नकार दिला आणि आपला मंदील काढून औट्रमच्या हाती दिला. आपण केवळ हुकमाचे ताबेदार, अशी औट्रमची भूमिका होती. सिंधमध्ये त्याने ती घेतली नव्हती, एवढे नोंदवणे पुरेसे आहे.

मार्च 1858 मध्ये गव्हर्नर-जनरल कॅनिंगने अवधच्या तालुकदारांच्या (बड्या जमीनदारांच्या) जमिनी जप्त करण्याचा जाहीरनामा काढला, तेव्हा मात्र औट्रमने लेखी विरोध करून त्यात सौम्य कलम घालून घेतले.

15. लखनौच्या वेळी वरिष्ठ असूनही त्याने हॅवलॉकला सेनापतित्व दिले, ते नियमात बसत होते का?

वरिष्ठाने आपला अधिकार काही काळ न वापरणे नियमबाह्य नव्हते, पण विरळा होते. इराणवरील मोहिमेत, 8 फेब्रुवारी 1857 ची खुशाबची लढाई जिंकून, औट्रम परतला होता आणि कानपूर विभागाचे सेनापतित्व त्याच्याकडे होते. सप्टेंबर 1857 मध्ये त्याने जाहीर केले की वेढ्यात अडकलेल्या लखनौच्या रेसिडेन्सीची सुटका होईपर्यंत तेथे निघालेल्या फौजेचे जनरल हॅवलॉकच नेतृत्व करील आणि आपण मुलकी चीफ कमिशनर या नात्याने, स्वयंसेवक घोडेस्वारांत, सोबत राहू. 25 सप्टेंबर रोजी फौज रेसिडेन्सीत पोचली. प्रत्यक्षात अधूनमधून तो हुकूम देतच होता आणि त्यामुळे गोंधळही झाला, अशी टीका समकालीनांनी केली आहे. त्या घोडेस्वारांनी व्हिक्टोरिया क्रॉस या शौर्यपदकासाठी त्याचे नाव सुचवले. आपण त्यांचे सेनापती असल्याने पात्र नाही, असे सांगून त्याने ते नाकारले. नंतर नोव्हेंबर 1857 पासून मार्च 1858 पर्यंत त्याने सुमारे 4,000 माणसांनिशी लखनौबाहेरचे आलमबाग हे ठाणे राखले. 1858 मध्ये त्याला बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी आणि वार्षिक 1,000 पौंडांची नेमणूक मिळाली.

16. 1858 नंतर अशी कारकीर्द शक्य होती का?

वेगळ्या चौकटीत होती. 1861 मध्ये तिन्ही इलाख्यांसाठी स्टाफ कोअर (अधिकाऱ्यांचे पलटणीबाहेरचे सामाईक संवर्ग) स्थापन झाल्या आणि बढती पलटणीतील रिकाम्या जागेऐवजी नोकरीच्या वर्षांशी जोडली गेली. त्यामुळे प्रश्न 4 मधील कोंडी बरीच सुटली. इलाख्यांची स्वतंत्र लष्करे 1895 मध्ये संपुष्टात आली. हिंदी तरुणांसाठी देहरादूनची लष्करी अकादमी उघडायला 1932 साल यावे लागले.

17. आमच्या गावच्या छावणीतील किंवा घरातील जुन्या कागदातील एखाद्या अधिकाऱ्याचा माग कसा काढावा?

आधी तो राजाच्या लष्करातला होता की कंपनीच्या, हे ठरवावे (प्रश्न 2), कारण दोघांची दप्तरे वेगळी आहेत. राजाच्या अधिकाऱ्यांची कागदपत्रे लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. कंपनीच्या अधिकाऱ्यांची ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिस दप्तरात आहेत. तेथे कॅडेटांच्या अर्जांचे कागद एल/एमआयएल/9 या मालिकेत सापडतात आणि त्यांत जन्मदाखला व शिफारस करणाऱ्याचे नावही असते. अधिकारी राजकीय खात्यात गेला असेल, तर मुंबईच्या राज्य पुरालेखागारातील राजकीय खात्याचे खंड अधिक उपयोगी पडतात. शोधताना नावाबरोबर पलटणीचा क्रमांक आणि साल दोन्ही घ्यावीत. 1824 च्या पुनर्रचनेत मुंबई लष्करातील पायदळ पलटणींचे क्रमांक बदलले, त्यामुळे त्याआधीचा क्रमांक पुढच्या यादीत लावल्यास भलताच माणूस हाती येतो.